नितेशच्या गाडीचे ब्रेक आणि सावंतांची अट

“…आणि त्या ब्रेकाच्या पायी माझ्या झिलाचा लगीन—”

एवढंच ऐकू आलं आणि परबीणच्या कुकरची शिट्टी झाली.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मुद्दाम ऐकत नव्हते हो! परबीण, म्हणजे शेजारच्या नितेशची आई, फोनवर बोलते ती गावाला थेट ऐकू जावं अशा आवाजात, आणि तिच्या-माझ्या दारात अंतर किती, तर एक तुळशीची कुंडी. शिट्टी थांबेपर्यंत मी एकच टॉवेल झटकत उभी राहिले. पण ती आत गेली ती गेलीच.

आता अर्धं वाक्य हातात आलं की ते तसंच कसं ठेवणार? मी ते फक्त तळमजल्यावरच्या घाडीकाकांच्या कानावर घातलं. दुपारपर्यंत त्यांनी ते पूर्ण केलं, “ब्रेकपायी नितेशचं लग्न मोडलं!” संध्याकाळी वरच्या मजल्यावरून तेच वाक्य माझ्याकडे परत आलं, तेव्हा त्यात मुलगी घर सोडून गेलेली होती, आणि गाडी खड्ड्यात.

आमच्या लालबागच्या चाळीत किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. कॅलेंडरच्या खिळ्याला लग्नपत्रिका, लाइटबिलं खोचत जावीत आणि एक दिवस खिळाच वाकावा, तसं होतं. परबांच्या नितेशने ती लाल गाडी आणल्यापासून आमचा खिळा पार वाकलाय. म्हणून म्हटलं, थोडं उतरवून ठेवू.

*

गाडी म्हणजे कशी? लाल, बुटकी, जमिनीला चिकटलेली. स्पोर्ट्स कार म्हणे. सेकंड हँड घेतलेली, पण नितेशचं लहानपणापासूनचं वेड. पहिल्या दिवशी अख्खी चाळ पटांगणात उतरली. घाडीकाकांनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, “मागची सीट कुठाय?”

“नाही काका, दोनच सीट आहेत.”

“मग गावाला जाताना तांदळाचं पोतं काय मांडीवर घेणार?”

नितेशने ती गाडी जपून कव्हरखाली ठेवली नाही. रोज ऑफिसला तीच. पण आधीचा मालक हौशी, शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणारा. त्याने तिथले ब्रेक बसवलेले. ते ब्रेक लागले की असे किंचाळायचे, की पातेल्यावर चमचा घासावा!

संध्याकाळी नाक्यावर ती किंकाळी आली की परबीण तवा चढवायची. नितेश जिने चढून येईपर्यंत भाकरी ताटात. एकदा गाडी सर्व्हिसिंगला होती, पोरगा टॅक्सीने आला. ताट नाही, पाणी नाही. भुकेने कावला.

परबीण उलट त्याच्यावरच खेकसली, “मेल्या, ब्रेक मारूचो नाय? माका कळतला कसा?”

*

आता त्या अर्ध्या वाक्याचं खरं काय, ते सांगते. मी परबीणला सरळच विचारलं. आधी सांगायला हवं की मुलगी म्हणजे सायली सावंत. नितेशच्याच ऑफिसातली, हसरी, बोलायला फटकळ. वरळीच्या बीडीडी चाळीतली. आई लहानपणीच गेली, बापलेक दोघंच. वडिलांनी आयुष्यभर बस चालवली.

दोन्ही घरं पसंत. आता फक्त तारीख काढायची. नितेशला वाटलं, सासऱ्यांना आपल्या गाडीतून एक चक्कर मारून आणावी. गेले दोघं परळवरून हिंदमाताकडे. सावंत बाजूच्या सीटवर, आणि पाय सारखा जमिनीवर दाबतायत, जणू ब्रेक तिकडेच आहे! सकाळची वेळ, ब्रेक थंड. ट्रॅकचे ते ब्रेक थंड असताना नीट धरतच नाहीत. हिंदमाताच्या सिग्नलला गाडी थांबली, पण झेब्रा ओलांडून, आणि अशी किंचाळून की साडीच्या दुकानातल्या बायका पिशव्या टाकून बाहेर आल्या.

सावंतांनी घरी येऊन चहा घेतला आणि म्हणाले, “आमच्या बसमध्ये माणसं उभी असायची. कोणाच्या हातातल्या पिशवीतलं वांगंसुद्धा खाली पडू दिलं नाही मी. तुमच्या गाडीत माझी मुलगी रोज बसणार. आधी ही नीट थांबवून दाखवा. तारखेचं मग बघू.”

म्हणजे मोडलं नव्हतं. अडलं होतं.

*

मग काय, चाळीत ब्रेकचा अभ्यास सुरू! नितेश जिन्यात मोबाइल घेऊन बसायचा आणि आम्ही सगळे त्याच्या डोक्याशी. मला एवढं कळलं, की चाकाच्या आत ताटाएवढी एक लोखंडी डिस्क फिरत असते. तिला नितेश रोटर म्हणतो. पायाने ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड येऊन तिला चिमटीत धरतात. झालं. बाकी सगळं जाहिरात.

“मग हे ट्रॅकचे पॅड वाईट का रे?” मी विचारलं.

“वाईट नाहीत काकी. तापले की जबरदस्त धरतात. पण तापल्याशिवाय काही करत नाहीत, आणि आपल्या सिग्नल-सिग्नलच्या ट्रॅफिकमध्ये ते तापतच नाहीत.”

“आमच्या ह्यांच्यासारखे,” मी म्हटलं. “चहा पोटात गेल्याशिवाय हलतच नाहीत!”

हे आतून ओरडले, “ऐकू येतंय!”

पॅडचं लवकर ठरलं. रोजच्या वापराचे घ्यायचे. पहिल्या सिग्नललाच धरणारे, आवाज न करणारे, चाकावर काळी भुकटी कमी पाडणारे. घोडं अडलं ते डिस्कवर. नितेशला भोकं पाडलेल्या डिस्क हव्या होत्या. जाळीच्या चाकातून दिसतात म्हणे, गाडी एकदम रेसिंगची वाटते. त्याने फोटो परबीणला दाखवला.

तिने फोन लांब धरला, जवळ धरला. “पैशे दिऊन भोकां कित्याक घेवची?”

“आये, त्याने थंड राहते डिस्क.”

“मग तुझ्या बनियनाकय आसत. ता काय नवीन घेतलंस?”

तरी पोराचं मन त्या भोकांतच! मेकॅनिकने सांगितलं, रोजच्या वापरात त्यांचा काही फायदा नाही, उलट पुढेमागे भोकाशी तडे जायची भीती. तरी हा फोटो बघतच होता. शेवटी रविवारी सायली आली, त्याच्या बाजूला पायरीवर बसली आणि म्हणाली, “नितेश, तुला गाडी दाखवायची आहे की थांबवायची?”

त्याने तिथल्या तिथे साध्या डिस्क मागवल्या!

*

पार्सल आलं तेव्हा परबांकडे कुलूप. कुरियरवाल्याने माझ्या दारात खोका टेकवला तर लादी वाजली. ह्यांनी उचलायला म्हणून वाकून हात घातला आणि तसेच वाकलेले राहिले. मग बाम लावून झोपवलं.

परबीण बाजारातून आली. खोका उघडला, तेलकट कागद सारला आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद, की नितेशने काय मागवलंय ते तिला पहिल्यांदाच पटलं असावं. डिस्कवर बोटांनी टकटक केली, आवाज ऐकला, वजन घेतलं.

“बीड आसा गो! आमच्या आजयेच्या घावनाच्या तव्याचा असाच बीड.”

“अगं, हे गाडीचं आहे.”

“असांदे. पण मधी फुगवटो नसतो ना, तर ह्येच्यार आंबोळी काय सुटली असती!”

खरं म्हणजे ती चुकीचं बोलत नव्हती. नितेशनेच सांगितलं, डिस्क बिडाच्याच, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. मग परबीणचा भाव काय वाढला! सगळ्या मजल्यावर सांगत सुटली, माझ्या झिलाने गाडीला तवे मागवले.

*

बसवायचं काम शिवडीला रफिकभाईंच्या गॅरेजात. मी सोबत गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत एक सीट रिकामी होती ना!

आत बसणं सोपं. पदर सावरला, स्वतःला सोडून दिलं, की आपोआप खाली जातो माणूस. उतरताना मात्र जमीन एवढी जवळ आणि पाय एवढे लांब, की काय करावं सुचेना. एक हात नितेशने धरला, दुसरा रफिकभाईंनी. मी मध्येच अडकले आणि मला हसू फुटलं. हसू फुटलं की जोर जातो. परत खाली!

रफिकभाईंनी हात सोडून कपाळाचा घाम पुसला. “नितेश, पहले ब्रेक का काम करूं, या भाभी का?”

*

नवे ब्रेक बसवले की लगेच जोरात वापरायचे नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. ते रुळवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी जरा वेगात न्यायची, पूर्ण न थांबवता हळू करायची, परत वेग, परत हळू. असं बऱ्याचदा. पॅड डिस्कवर सारखे बसत जातात. मग गाडी नुसतीच चालवून त्यांना गार होऊ द्यायचं.

आम्ही भल्या सकाळी शिवडीच्या गोदामांकडच्या रस्त्यावर. मीच सोबत. नितेश पळवतोय, हळू करतोय, पळवतोय, हळू करतोय. रबरासारखा काहीतरी जळका वास यायला लागला. मी देवाचं नाव घेतलं, तर म्हणतो, “वास आला म्हणजे बरोबर चाललंय, काकी.”

दोन फेऱ्या बघून हवालदाराने हात केला. काचेत वाकला.

“काय चाललंय? काही हरवलं का?”

“नाही साहेब, ब्रेक रुळवतोय.”

“म्हणजे?”

नितेश इंग्रजीत काहीतरी सांगायला लागला. हवालदाराचा चेहरा आणखीच कडक. म्हणून मीच पुढे झाले. म्हटलं, “साहेब, घरात नवीन सून आली, तर पहिल्याच दिवशी तिला पंगतीचा स्वयंपाक सांगतो का आपण? आधी चहा, मग भात, मग पोळ्या. तसंच आहे हे.”

हवालदार काचेतून सरळ झाला.

“आमच्या आईने सांगितला होता,” तो म्हणाला. “अजून बायकोकडून ऐकतोय मी त्यावरून.”

आणि आम्हाला हाताने ‘जा’ केलं.

येताना मुद्दाम हिंदमाताकडून आलो, तोवर दुकानं उघडली होती. सिग्नलला गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे अशी थांबली, की मला कळलंसुद्धा नाही. साडीच्या दुकानातल्या कोणी मान वर केली नाही. नितेशने स्टिअरिंगवर हलकेच हात आपटला. म्हणाला, “काकी, येत्या रविवारी बोलावतो त्यांना.”

*

आता तो रविवार.

आदल्या संध्याकाळी नितेशने गाडी घासून धुतली, पुसली, आणि शांत झोपला. बीड ते बीड. पाणी लागलं की रात्रीत तांबूस होतं. गाडी थोडी चालवून ब्रेक मारले की ते आपोआप निघून जातं, काळजीचं काही नसतं. हे नितेशला माहीत होतं. परबीणला नव्हतं.

ती सकाळी फुलं आणायला खाली उतरली, चाकाच्या जाळीतून बघितलं तर सगळे तवे गंजलेले! व्याही यायचे आज! बिडाच्या तव्याला आपल्याकडे काय करतात? तिने वरून खोबरेलाची बाटली आणली, मऊ फडकं आणलं, आणि एकेका चाकाशी बसून, जाळीतून बोटं घालून, पोचेल तिथपर्यंत छान तेल चोळलं. मी वरून बघितलं, मला वाटलं हळदकुंकू लावतेय.

नितेश इस्त्रीचा शर्ट घालून उतरला आणि शेवटच्या पायरीवर थबकला. वास आला असणार.

“आये, काय केलंस?”

“गंज काडलंय! बघ कशी चकचकतत.”

पोरगा पायरीवर बसलाच. ब्रेकचं कामच मुळी घासून धरण्याचं, आणि त्यावर तेल! रफिकभाईंना फोन लावला. ते म्हणाले, “डिस्क साफ हो जायेगी. पॅड गये. नये आने तक गाडी हिलाना मत.”

आणि सावंतांची टॅक्सी निघालेली.

परबीणला काय झालं ते कळलं, तेव्हा तिचा चेहरा बघवेना. “माझ्या हातांनी रे… माझ्याच हातांनी…” नितेशने तिला बाजूला बसवलं. घाडीकाका पुढे आले, हळू आवाजात म्हणाले, “अरे, फडक्याने पूस आणि हळू ने. हिंदमातापर्यंतच तर जायचंय! त्यांना काय कळतंय?” खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. आज गाडी दाखवली नाही तर माणूस म्हणणार, अजून झालंच नाही यांचं. परत तारीख लांबणीवर.

नितेशने ठाम नकारार्थी मान हलवली.

टॅक्सी आली. सावंत उतरले, मागून सायली. गॅलऱ्यांमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. तरी एवढी शांतता, की वरच्या मजल्यावरच्या टीव्हीतली बातम्यांवाली बाई तेवढी ऐकू येत होती.

“चला,” सावंत म्हणाले.

“काका, आज गाडी निघणार नाही. ब्रेकला तेल लागलंय.”

“कसं लागलं?”

“लागलं. माझं लक्ष नव्हतं.”

सायलीने डोळे मिटून घेतले. सावंत पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. जाळीतून बोट घालून डिस्कवर फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग मान वळवून सगळ्यांकडे बघत गेले, आणि परबीणपाशी थांबले. तिने दोन्ही हात पदरात लपवले.

“खोबरेल,” सावंत म्हणाले.

परबीणने मान डोलावली.

“घाण्यावरचं?”

“गावचा,” परबीण कशीबशी पुटपुटली.

“तरीच. वास चांगला आहे.”

ते उठले, गाडीला वळसा घातला, दार उघडलं आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

“काका, गाडी खरंच नाही काढणार मी,” नितेश म्हणाला.

“कळलं ते. तू बस.”

नितेश बसला. दारं लागली. काचा वर गेल्या. आणि ती लाल गाडी पटांगणात जागच्या जागी उभी, आत दोघं जण समोर बघत बसलेले, बाहेर अख्खी चाळ!

घाडीकाकांना नेमकी तेव्हाच स्वतःच्या स्कूटरची हवा बघायची होती. ती स्कूटर लाल गाडीच्या शेजारी. त्यांनी पुढचं चाक दाबलं, मागचं दाबलं, परत पुढचं दाबलं. वर येऊन मला म्हणाले, “काच चांगली आहे गाडीची. शब्द बाहेर येत नाही.”

परबीणने तसेच पदराला हात पुसून चहा केला. सायली घेऊन गेली. काच कपापुरती खाली आली, कप आत गेले, काच परत वर. मध्ये एकदा नितेश बराच वेळ बोलत होता, हात न हलवता. मग सावंत बोलले. एकदा त्यांनी रुमाल काढला. चष्मा पुसायला की कशाला, ते वरून दिसलं नाही.

चहा कधीच संपला असणार. खाली सायली नखं खात उभी. परबीण जिन्याच्या कठड्याला धरून. तेवढ्यात काच नाही, एकदम दार उघडलं. सावंतांचा एक पाय बाहेर आला आणि तिथेच राहिला. नितेश धावत वळसा घालून आला, दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावरसुद्धा त्यांनी त्याचा एक हात सोडला नाही.

“वहिनी,” ते परबीणला म्हणाले, “हॉल बघायला कधी जायचं?”

परबीणला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिने सायलीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला. सायली म्हणाली, “आई, तेल!” आणि गॅलऱ्या अशा हसल्या, की वरची बातम्यांवाली बाई ऐकू येईनाशी झाली.

*

नवे पॅड आले, डिस्क साफ झाल्या, परत शिवडीला जाऊन रुळवूनही झाल्या. गाडी आता कुठेही गुपचूप थांबते, आणि परबीणची भाकरी रोज उशिरा होते. पण सावंतांनी ती चक्कर अजून मारलेली नाही. विचारलं की म्हणतात, “बघू रे सावकाश.”

चाळीत मात्र आता सगळीकडे एकच, ब्रेकपायी लग्न जमलं! मी स्वतः दोनचार ठिकाणी सांगितलंय. तरी आत बसून काय बोलणं झालं, ते माझ्या पोटात राहीना. सायलीला विचारलं, तर तिलाही दोघांपैकी कोणी सांगितलेलं नाही. शेवटी नितेशलाच घरी बोलावून आंबोळ्या वाढल्या, वर काळ्या वाटाण्याचं सांबार. पोट भरलंय बघून विचारलं, “खरं सांग रे, काय म्हणाले ते तुझ्या ब्रेकबद्दल?”

नितेशने ताटातला शेवटचा घास पुसून घेतला.

“काकी, ब्रेकचा विषयच निघाला नाही.”